बातमी कशी पसरते?



'अफवांवर विश्वास ठेवू नका' ही सूचना आपण सर्वांनी भिंतींवर वाचली आहे. ती वाचून एखादी अफवा थांबल्याचे मात्र ऐकिवात नाही. कारण उघड आहे. अफवा सांगणाऱ्याला आपण अफवा सांगतो आहोत असे वाटतच नाही, तो आपला बातमी सांगत असतो! ही गोष्ट उपदेशाने मुलांच्या गळी उतरत नाही. नाटकाने उतरते.

२७ डिसेंबर १९०४ रोजी आयर्लंडमधील डब्लिन शहरात अ‍ॅबी थिएटर सुरू झाले. त्या पहिल्याच रात्री लेडी ग्रेगरी या लेखिकेची 'स्प्रेडिंग द न्यूज' ही एकांकिका रंगमंचावर आली. कथानक अगदी साधे. गावाबाहेर बाजार भरला आहे. जॅक स्मिथ नावाचा शेतकरी गवत उचलण्याचा आपला काटा विसरून पुढे जातो. बार्टली फॅलन हा भला माणूस तो परत देण्यासाठी त्याच्या मागे धावतो. घडते ते एवढेच. पण सफरचंदे विकणाऱ्या म्हातारीला कमी ऐकू येते. 'काटा घेऊन मागे गेला' याचे 'काटा घेऊन मारायला गेला' होते आणि थोड्याच वेळात जॅकचा खून झालेला असतो! त्याची बायको कुंपणावर चादर वाळत घालते आहे असे कोणी सांगते, तर ऐकणाऱ्यांना ती प्रेतासाठी चादर अंथरते आहे असे वाटते. त्यातच भर म्हणून, बार्टली तिला घेऊन अमेरिकेला पळणार आहे, हेही ठरून जाते. गावात नवीन आलेले मॅजिस्ट्रेटसाहेब पूर्वी आपल्या अंदमानात होते, त्यामुळे त्यांना जिकडे तिकडे गुन्हाच दिसतो. शेवटी जॅक जिवंत, धडधाकट समोर येऊन उभा राहतो. साहेब त्याला तोतया ठरवतात आणि दोघांनाही बेड्या घालतात.

प्रेक्षक पोट धरून हसतात. पण नीट पाहा, या नाटकात खलनायक कोणीच नाही. प्रत्येकाने एकेक शब्दच काय तो वाढवला आहे.

ही कल्पना आपल्याला आधी शोकांतिका म्हणून सुचली होती, असे लेडी ग्रेगरी यांनी लिहून ठेवले आहे. एक मुलगी सकाळी हसतखेळत बाजाराला जाते. संध्याकाळी ती त्याच रस्त्याने मान खाली घालून परतते आणि लोक तिच्यावरून तोंड फिरवतात. मधल्या वेळात कोणाच्या तरी सहज निघालेल्या शब्दाने तिची अब्रू गेलेली असते. नाट्यगृहाला विनोदी नाटक हवे होते, म्हणून ती मुलगी मागे पडली. आपल्या मोहल्ल्यांत ती मागे पडलेली नाही. कोणीतरी काहीतरी पाहिले, कोणीतरी घरी येऊन सांगितले आणि नववीतल्या मुलीचे दप्तर खुंटीला लागले, असे कोणत्या वस्तीत घडत नाही? शहानिशा करायला शाळेत कोणी येत नाही.

संगीतानेही हे शिकवता येते. इटलीचा संगीतकार रोसिनी याचे 'सेव्हिलचा न्हावी' हे संगीतनाट्य १८१६ साली रोम येथे प्रथम झाले. त्यात डॉन बाझिलिओ नावाचा गायनमास्तर (आमच्याच पेशाचा, दुर्दैवाने!) एका सरदाराला निंदेने कसे बदनाम करावे, हे गाऊन समजावतो. गाणे कुजबुजल्यासारखे सुरू होते. तेच सूर पुन्हा पुन्हा येतात, दर खेपेला वाद्ये वाढतात आणि अखेर तोफ डागल्यासारखा दणका बसतो. वर्गात याला ऑर्केस्ट्रा लागत नाही, एक डफ पुरतो. पहिल्या बाकावरच्या मुलाने एक वाक्य हळूच म्हणावे, मग दोघांनी, मग चौघांनी, डफाचा ठेका वाढवत न्यावा. वाक्य तेच राहते, पुरावा तसूभरही वाढत नाही, तरी शेवटच्या बाकावर पोहोचेपर्यंत ते खरे वाटू लागते.

विषय हवा असेल तर तो मुंबईच्याच इतिहासात आहे. १८९६ साली शहरात प्लेग आला. सरकार इस्पितळात नेऊन रोग्यांना मारते, अशी हूल उठली. सरकारी माणसे सक्तीने घरात शिरून रोगी उचलून नेत, तेव्हा लोकांच्या भीतीला काहीच आधार नव्हता असे म्हणता येणार नाही. २९ ऑक्टोबर रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. पुढे जानेवारी १८९७ मध्ये डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. तरीही लोक लसीला भीत होते. तेव्हा अवघ्या १९ वर्षांचे असलेले तिसरे आगाखान यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली आणि ही बातमी शक्य तितक्या लवकर दूरवर पसरेल अशी व्यवस्थाही केली.

स्नेहसंमेलनासाठी यावर अर्ध्या तासाची एकांकिका सहज बसेल. पात्रे पुष्कळ आहेत, पोशाख घरचेच चालतील. कमी ऐकू येणाऱ्या म्हातारीचे काम मात्र वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीला द्यावे, ते सर्वांत अवघड आहे.