भोंग्याची तार कोणाच्या हातात

वर्धा नदी ओलांडली की पलीकडं अमरावती जिल्ह्यात मोझरी. तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज तिथलं. त्यामुळं आर्वी-आष्टीकडच्या गावांत संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरी ही जुनी वहिवाट. महाराज 1968 साली गेले. तोवर आमच्या गावात आवाज म्हणजे माणसाचा गळा आणि खंजिरीचं कातडं. पेटीतून येणारा आवाज एकच, ग्रामपंचायतीच्या रेडिओचा. नागपूर आकाशवाणी 1948 पासूनची, पण तिचे शेतीचे कार्यक्रम गावाला ऐकू यायचे ते या एका पेटीमुळं. दोन बांबूंना ताणलेला जाळीचा एरियल आणि जमिनीत पुरलेली अर्थिंगची तार. उन्हाळ्यात खरखर वाढली की शिपाई त्या खड्ड्यात लोटाभर पाणी टाकायचा. खरखर कमी व्हायची. लोकांना हा मंत्र वाटे. त्यात मंत्र काही नाही, कोरडी माती वीज वाहून नेत नाही.

लाउडस्पीकर आला तो बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर. देवळाच्या पंचांनी वर्गणी करून सेट आणला: ॲम्प्लिफायर, एक माईक, दोन भोंगे. लाईट असली तर लाईटवर, नसली तर ट्रॅक्टरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर. बॅटरीची लाल-काळी उलटी लागली की सेट जळालाच समजा. माईकच्या वायरीत मधली एक तार आणि तिच्याभोवती बारीक जाळी. ती जाळी पिनेपाशी तुटली की भोंगा "घूंऽऽ" करत बसे. माईक भोंग्याच्या तोंडासमोर नेला की शिट्टी. भोंग्यातून निघालेला आवाज पुन्हा माईकात शिरतो आणि गोल फिरत राहतो, एवढंच कारण. पण वक्त्याला वाटे आपली कोणी टिंगल करतंय.

हा सेट गावाचा, असं सगळे म्हणत. 14 एप्रिल आली की तो देवळाचा होई. बौद्धपुऱ्यातली पोरं जयंतीसाठी मागायला गेली की कधी युनिट गेलेलं असे, कधी किल्ली सापडत नसे. दुसऱ्या दिवशी काकड्याला तोच सेट खणखणीत वाजे. दोन वर्षं हे चाललं. तिसऱ्या वर्षी त्यांनी मागितलाच नाही. कापूस वेचणीच्या मजुरीतून घरटी पैसे काढले आणि नागपूरहून जुना ॲम्प्लिफायर आणला. त्यांच्यातला एक जण वर्ध्याला रेडिओच्या दुकानात हाताखाली राहिलेला होता. त्यानं उघडून सगळी सोल्डरिंग पुन्हा केली. त्या जयंतीला वामनदादा कर्डकांची गाणी पार नाल्यापलीकडच्या आमच्या वावरात ऐकू आली.

पुढच्याच उन्हाळ्यात गावातल्या एका मोठ्या घरी लग्न होतं. देवळाचा सेट लावला, पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून बाहेरून आणखी दोन भोंगे आणले. चार भोंगे लागले आणि आवाज फाटला. मग फ्यूज उडाला. कोणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूजच्या जागी बसवली. हा उपाय आमच्याकडं फार लाडका, आणि सेट मारायचा खात्रीचा रस्ताही तोच. जळका वास आला तेव्हा बौद्धपुऱ्यात माणूस धाडला.

तो आला, मागची पट्टी पाहिली अन् म्हणाला, "काका, भोंगे वाढवले का ओहम कमी होते. सोळाचा एक असला तं सोळा, दोन जोडले तं आठ, चार जोडले तं चार. तुमी तार सोळावरच ठेवून राह्यले."

"म्हंजे जास्त लावले तं कमी होते? असं काहून?"

"एका टाकीले चार नळ लावा, काका. पाणी जास्त वाह्यते, पण टाकीवर ताण येते का नाही?"

त्यानं चांदी काढून खरा फ्यूज टाकला, तार चारवर लावली. सेट बोलला. जेवायची वेळ झाली तेव्हा त्याचं ताट ॲम्प्लिफायरपाशीच आणून दिलं, पंगतीपासून वेगळं. सेट सोडून उठता येत नाही, असं सांगितलं गेलं. कारण खरं होतं आणि सोयीचंही होतं. तो काही बोलला नाही, जेवला. पण निघताना त्यानं मजुरी मागून घेतली, बक्षीस म्हणून पुढं केलेला नारळ घेतला नाही. मला त्याचं तेव्हाही बरोबर वाटलं.

त्यानंतर लग्नं, तेरवी, निवडणुकीचा प्रचार, सगळीकडं त्याचाच सेट जाऊ लागला. एकदा देवळाचा हरिनाम सप्ताहही त्याच्या भोंग्यावर झाला. किल्ली कोणाची सापडत नाही, हे कोणी म्हणालं नाही.

पुढं कॅसेट आली, घरोघरी टू-इन-वन आले. आवाज दबला की तो स्पिरिटच्या बोळ्यानं हेड पुसायचा, किंवा हेडजवळचा बारीक स्क्रू कानानं ऐकत पाव फेरा फिरवायचा. आता डीजेच्या गाड्या आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 वाजवू नये हा नियम 2000 पासूनचा, पण वरातीला घड्याळ दिसत नाही. छातीत धडधडतं आणि शब्द एकही कळत नाही. याला मी आवाज म्हणत नाही.

त्याचा मुलगा गाड्यांचे टेप बसवतो. ज्या घरी लग्न झालं त्या घरच्या नातवाची गाडी मागच्या महिन्यात त्याच्याकडं होती. बाहेरून नवे स्पीकर बसवले होते, पण ढोलकीचा ठेका गायब. पोरानं स्पीकरच्या तारा सोडवल्या आणि टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला. सेलचं टोपण स्पीकरच्या प्लसला असलं की पडदा बाहेर यायला पाहिजे. एकाचा आला, दुसऱ्याचा आत गेला. त्यानं दुसऱ्याच्या तारा उलट्या केल्या आणि दीडशे रुपये सांगितले.