परिशेषानुमान व विनापरवाना रहिवाशांची गणना

ज्याची दप्तरांत नोंद नाहीं, त्याची गणना कोणत्या प्रमाणानें करावी, हा प्रश्न इतिहाससंशोधकांस नवा नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विनापरवाना राहिलेल्या परकीयांविषयीं तो गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत उपस्थित झाला. त्याची हकीकत आम्ही येथें थोडक्यांत देतों.

१९७५ च्या सुमारास सरकारी अधिकारी अशा लोकांची संख्या १ कोटी २० लाखांपर्यंत सांगत. परंतु त्यास पुरेसा आधार नव्हता. पुढें वॉरन व पासेल या लोकसंख्याशास्त्रज्ञांनीं १९८७ मध्यें निराळा मार्ग दाखविला. नैयायिक ज्यास परिशेषानुमान म्हणतात, तोच हा. १९८० च्या खानेसुमारींत सांपडलेल्या परदेशीं जन्मलेल्या लोकांतून नागरिकत्व मिळालेले व परकीयांच्या वार्षिक नोंदणींत आलेले वजा केले. शेष राहिले ते विनापरवाना. ही संख्या सुमारें २० लाख ६० हजार भरली. दोन प्रती ताडून गळलेला पाठ ओळखावा, तशीच ही रीति. मात्र जे खानेसुमारींतहि आले नाहींत, ते या शेषांतहि नाहींत, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

६ नोव्हेंबर १९८६ रोजीं अध्यक्ष रेगन यांनीं कायद्यावर सही केली. १ जानेवारी १९८२ च्या पूर्वीपासून राहत आलेल्यांस, तसेंच ठराविक मुदतींत ९० दिवस शेतमजुरी केलेल्यांस अधिकृत करण्याचें त्यानें ठरविलें. अर्ज सुमारें ३० लाख आले. सुमारें २७ लाखांस कायम वास्तव्याचा हक्क मिळाला.

दस्तऐवजांच्या अभ्यासकानें येथें थांबून विचार करावा. वास्तव्य शाबीत करण्यास भाडेपावत्या व पगाराचे कागद लागत. परंतु ज्याचें आयुष्य कागद टाळण्यांत गेलें, त्यानें ते आणावे कोठून? शेतमजुरांस पुराव्याची अट सौम्य होती, प्रतिज्ञालेखावरहि भागे. त्यांचे अर्ज सुमारें १३ लाख, अपेक्षेहून कितीतरी अधिक आले, व त्यांत बनावट कागदांचा संशय दाट होता. उलटपक्षीं, मागाहून आलेलीं बायकामुलें मुदतीच्या अटीमुळें वगळलीं गेलीं, आणि एकाच घरांत नवरा अधिकृत व बायको अनधिकृत अशी स्थिति झाली. त्यांस हद्दपारीपासून संरक्षण देणारें कलम १९९० च्या कायद्यांत घालावें लागलें.

सारांश, एकाच लोकसमूहाविषयीं खानेसुमारी एक साक्ष देते व अर्जांचें दप्तर दुसरी. पहिलींत दार उघडणारे येतात, दुसरींत कागद दाखवूं शकणारे. जुन्या दप्तरांतील आंकडे छापणारांनींहि तीं दप्तरें कोणासाठीं उघडीं होतीं हें आधीं तपासावें, अशी आमची विनंति आहे.