फिरते पाणी, निर्मळ पाणी : प्रस्तावना

पेण आणि रोहा तालुक्यांत पोहण्याचा तलाव ही आता नवलाई राहिलेली नाही. मुंबई-गोवा महामार्गालगत, नागोठण्याच्या आतल्या बाजूला, कोलाडला कुंडलिकेच्या काठाने फार्महाऊस आणि रिसॉर्ट उभी राहिली. त्यांच्याबरोबर तलाव आले आणि तलावाला जोडून गरम पाण्याचा छोटा हौदही आला, ज्याला कोणी स्पा म्हणते, कोणी जकुझी. बांधणारा ठेकेदार चावी देऊन निघून जातो. पाणी सांभाळायला उरतो तो गावातलाच माणूस: माळी, वॉचमन, किंवा ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यावर काम केलेला गडी. ही पुस्तिका आधी त्याच्यासाठी आहे, मग या विषयात नव्याने शिरणाऱ्या विद्यार्थ्यासाठी.

या माणसाला काहीच येत नाही असे समजून लिहिलेली पुस्तके मला पटत नाहीत. विहिरीत टीसीएल पावडर किती टाकायची, उघडी पडलेली गोणी का निकामी होते, ओटी टेस्टला पाणी पिवळे झाले म्हणजे काय, हे त्याला पाठ असते. जंतुनाशनाचा पाया त्याच्याकडे तयार आहे. भर घालायची ती दोन गोष्टींची. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिले की भागते, तलावात माणसे उतरतात म्हणून किमान 1 लागते, आणि गरम स्पामध्ये किमान 3. दुसरे असे की ओटीचा पिवळा रंग मोकळे क्लोरीन आणि घामा-लघवीशी बांधले गेलेले क्लोरीन वेगळे दाखवत नाही. बांधलेले क्लोरीन जंतू मारण्यात फार दुबळे असते. तलावाचा तो डोळे चुरचुरवणारा उग्र वास त्याचाच. म्हणून इथे डीपीडीची गुलाबी रंग देणारी चाचणी वापरावी.

पण औषधाच्या आधी अभिसरण. माझे या विषयातले सगळे सांगणे या एका वाक्यात मावते. पाणी फिरत नसेल तर उत्तम औषधही जिथे पडले तिथेच राहते आणि कोपऱ्यातले शेवाळ वाढत जाते. 10 मीटर लांब, 5 मीटर रुंद आणि सरासरी 1.4 मीटर खोल तलावात 70,000 लिटर पाणी असते. ताशी 10,000 लिटरचा पंप 7 तास चालला की तलावाइतके पाणी फिल्टरमधून गेले, म्हणजे एक फेरी झाली. सगळे पाणी मात्र गेलेले नसते. गाळलेले पाणी परत त्याच तलावात मिसळते, त्यामुळे एका फेरीत सुमारे 63 टक्केच पाणी प्रत्यक्ष गाळले जाते. दोन फेऱ्यांत 86, तीनमध्ये 95, चारमध्ये 98. गेज आणि बिडवेल यांनी 1926 मध्ये हे गणित मांडले. शनिवारी पाहुणे येणार म्हणून शुक्रवारी संध्याकाळी पंप सुरू करणे का पुरत नाही, ते या आकड्यांत दिसते. विजेचे बिल मी नाकारत नाही, तरी पंप रोज चालला पाहिजे.

आता जोडलेला स्पा. 2 मीटर लांब-रुंद आणि 0.9 मीटर खोल हौदात 3,600 लिटर पाणी. चार माणसे बसली तर माणशी 900 लिटर. आधी मोजलेल्या तलावात दहा जण उतरले तरी माणशी 7,000 लिटर असते. शिवाय स्पाचे पाणी 38-40 अंश तापलेले, बुडबुड्यांनी घुसळलेले. क्लोरीन भराभर संपते, आणि कोमट पाणी लिजिओनेला व स्यूडोमोनास या जिवाणूंना मानवते. त्यामुळे स्पाचे पाणी अर्ध्या तासात एकदा फिरावे असा दंडक आहे.

बहुतेक ठिकाणी दोघांना पंप आणि फिल्टर एकच असतो. फिल्टर रूममध्ये सक्शनच्या आणि रिटर्नच्या बाजूला तीन तोंडांचे व्हॉल्व्ह असतात. दोन्ही स्पाकडे फिरवले की स्पाचे पाणी स्पातच फिरते आणि तलाव ठप्प. पाहुणे उठले, व्हॉल्व्ह तसेच राहिले, की रात्रभर मोठा तलाव निश्चल. सक्शन तलावातून आणि रिटर्न स्पात ठेवले तर स्पा भरून काठावरून तलावात सांडतो. रोजची राखण याच मार्गाने करावी. उंचावरचा स्पा सकाळी उतरलेला दिसला, तर पाणी कुठे थांबले ते पाहा. नेमके तलावाच्या पातळीवर थांबले असेल तर एनआरव्ही (पाणी उलटे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) किंवा सक्शनचा व्हॉल्व्ह पास होतो आहे. त्याहून खाली गेले, तरच गळती शोधायला लागा.

एक अडचण या जोडणीतूनच येते. ट्रायक्लोरच्या गोळ्यांतले सायन्यूरिक आम्ल तलावातले क्लोरीन उन्हापासून वाचवते, पण त्याचा मारा मंद करते. पाणी सामायिक असल्याने हे आम्ल स्पातही पोहोचते, जिथे ते नकोच असते. पीएच 7.2 ते 7.6 मध्ये ठेवावा. 8 ला गेला की क्लोरीनचा जेमतेम चौथा भाग कामाचा राहतो. आणि ट्रायक्लोर व ब्लीचिंग पावडर कोरडी एकत्र कधीही करू नयेत, एकाच डब्यातही नाही. आग लागते, स्फोट होतो.

पालीजवळ उन्हेऱ्याच्या कुंडांत गरम पाणी सतत वर येते आणि वाहून जाते. तिथली स्वच्छता त्या ओघावर टिकते. आपल्या हौदाला झरा नाही, म्हणून पंप आणि फिल्टर. अमेरिकेत ब्राऊन विद्यापीठाच्या तलावात 1910 मध्ये क्लोरीन वापरले गेले, तेव्हापासून त्याच त्या पाण्यात निर्धास्त पोहण्याची सोय झाली. आपल्याकडचे भारतीय मानक आयएस 3328 पोहण्याच्या तलावाच्या पाण्याच्या गुणवत्तेसाठीच आहे.

कोकणचा पाऊस या शास्त्राच्या परदेशी पुस्तकांत नसतो. जून ते सप्टेंबर आभाळच तलाव भरत राहते, क्लोरीन पातळ होते, अल्कलिनिटी उतरते. त्यावर एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. बिघडलेले पाणी सोडून देऊन नवे भरणे हा उपाय मात्र कुठेच सुचवलेला नाही. हेटवणे धरण पेण तालुक्यात असूनही खारेपाटातल्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्याच तालुक्यात केवळ हयगयीपायी 70,000 लिटर पाणी ओढ्यात सोडणे मला गैर वाटते.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी आपला तलाव आणि स्पा टेपने मोजा, दोन्हींचे लिटर काढा, पंपाच्या पाटीवरचा ताशी प्रवाह वाचा आणि हे तीन आकडे फिल्टर रूमच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवा. पुढची सगळी गणिते त्यांच्यावरच करायची आहेत.