फझ चाचणी (फझिंग)

प्रोग्रॅमला मुद्दाम वेडावाकडा, तुटका मजकूर भरवून तो कुठे क्रॅश होतो हे शोधण्याची स्वयंचलित पद्धत. विस्कॉन्सिन विद्यापीठात बार्टन मिलर यांनी १९८८ साली ती विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून दिली. वादळी रात्री फोनलाइनच्या खरखरीने आदेशांत भलतीच अक्षरे घुसली आणि युनिक्सवरचे नावाजलेले प्रोग्रॅम आडवे झाले, त्यातून ही कल्पना निघाली. त्यांच्या १९९० च्या निबंधानुसार तपासलेल्या साधनांपैकी २५ ते ३३ टक्के कोसळली.

सुरुवात मजकूर किंवा फाइल वाचणाऱ्या एखाद्या लहान सी फंक्शनपासून करावी. लिबफझर हा फझर त्याला बाइटांची रास आणि तिची लांबी पुरवतो. कोड क्लँग कंपायलरवर ॲड्रेस सॅनिटायझर लावून कंपाइल करावा. एरवी हद्दीबाहेरचे वाचन बऱ्याचदा गुपचूप निसटते. मिखाल झालेव्स्की यांच्या एएफएल या फझरप्रमाणे (२०१३) लिबफझरही कोडात नवी वाट उघडणारे नमुने राखतो आणि त्यांच्यातच पुढचे बदल करतो.

म्हणून सुरुवातीला द्यायचे बीज-नमुने महत्त्वाचे, आणि नवखे इथेच आळस करतात. अक्षरजुळणीचा कोड तपासताना नुसते ‘नारायण पेठ’ घालून भागत नाही, त्यात एकही जोडाक्षर नाही. पेठेलगतचा ‘लक्ष्मी रस्ता’ बरा. ‘दुसऱ्या’ त्याहून चांगला: यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट. ‘ऱ’चा शेवटचा बिट उलटला की ‘र’ होतो आणि उरते ‘दुसर्या’. पुण्याच्या त्याच पेठेतल्या केसरीवाड्यातला मुद्रितशोधक त्यावर तत्काळ खूण करील; प्रोग्रॅमने मात्र ते निमूट दाखवले पाहिजे. अक्षराच्या तीन बाइटांपैकी एक गळला तरी त्याने कोसळता कामा नये.

ही भीती काल्पनिक नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये एका तेलुगू जोडाक्षराने आयफोनवरची ॲप बंद पडू लागली. मनीष गोरेगावकर यांनी उकल केली तेव्हा दिसले, की देवनागरी आणि बंगालीतही तोच दोष आहे: ठरावीक जोडाक्षर, मागे न दिसणारे ‘झीरो विड्थ नॉन-जॉइनर’, मग स्वरचिन्ह. असे कोणी शहाणा माणूस टाइप करत नाही. फझर करतो.

क्रॅश सापडला की त्याची फाइल शक्य तेवढी छाटावी, दोष दुरुस्त करावा आणि फाइल कायमच्या चाचण्यांत ठेवावी. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइडमध्ये देवनागरी जुळवणाऱ्या हार्फबझच्या कोडसंग्रहात अशाच चाचणी-फाइली म्हणून बिघडलेले फाँट जपून ठेवलेले आहेत.