परागकणाची घडी

या मालिकेत लढाया आणि किल्ले पुष्कळ झाले. आज इतिहास सांगायचा आहे तो नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या परागकणाचा.

ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस याने सुमारे २३०० वर्षांपूर्वी लिहून ठेवले, की खजुराच्या नर फुलांची पूड मादी झाडावर झटकली तर फळ टिकते. नोकरीत कच्छच्या बाजूला असताना मी हेच पाहिले. खारकेचे बागाईतदार नर फुलोरा कापून सावलीत वाळवतात आणि मादी फुलोऱ्याला हाताने पराग लावतात. आता प्रश्न असा, की वाळलेली पूड जिवंत राहते कशी?

१६८२ मध्ये इंग्लंडच्या नेहेमाया ग्रू याने सूक्ष्मदर्शकातून दिसलेल्या परागांची वर्णने छापली. पण वाळण्याच्या या क्रियेला नाव मिळायला १९३५ साल उजाडले. परागज्वराचा अभ्यास करणारे अमेरिकेचे रॉजर वोडहाऊस यांनी तिला ‘हार्मोमेगॅथी’ म्हटले. म्हणजे आकारमान बदलेल तसे भिंतीने जुळवून घेणे.

परागाचे बाहेरचे कवच फार चिवट असते, पण त्यात पातळ खाचा असतात. पाणी उडू लागले की भिंत या खाचेतून आत दुमडते. कण लांबट होतो, खाचेचे ओठ मिटतात आणि उरलेले पाणी सहज उडत नाही. तंबू ठरल्या घडीवर दुमडला तर फाटत नाही, तसेच हे. मादी फुलाच्या कुक्षीवर ओल मिळाली की कण फुगतो, खाच उघडते आणि तिथूनच परागनलिका बाहेर येते. २०१० मध्ये एलेनी कातिफोरी आणि सहकाऱ्यांनी गणिताने दाखवले, की ही घडी कशी पडायची ते मऊ खाचच ठरवते.

खजुराच्या परागाला अशी एक लांब खाच असते. मक्याच्या परागाला मात्र फक्त एक गोल छिद्र. तो झाडावरून सुटतो तेव्हाच पाण्याने भरलेला असतो आणि वाळणे त्याला सोसत नाही. घडी हे एकच कारण नव्हे. पेशीतली साखरही कोरडेपणात आतल्या पडद्यांना सांभाळते. तरी फरक शेतात दिसतो. खजुराचा पराग नीट वाळवून थंड जागी ठेवला तर पुढच्या हंगामालाही चालतो. मक्याचा मात्र कडक उन्हात, कोरड्या वाऱ्यात तासा-दोन तासांत निकामी होतो.

म्हणून तुरा आणि कणसाचे केस बाहेर पडण्याच्या दिवसांत मक्याला पाण्याचा ताण बसू देऊ नये, असे कृषितज्ज्ञ सांगतात. तुम्ही माळव्यात असा, तेलंगणात असा की खानदेशात, पुढच्या वेळी कणसात मधेमधे दाणे रिकामे दिसले तर खताला दोष देण्याआधी त्या आठवड्यातले ऊन आणि पाणी आठवून पाहा. पुढच्या भागात भेटू.