दारं उघडी असलेलं बंद शहर

शहरांच्या इतिहासावरच्या या व्याख्यानांमध्ये आपण आजवर जी शहरं पाहिली, ती कधी ना कधी दगड-विटांत उभी होती. आजचं शहर कधीच बांधलं गेलं नाही. ते एका विज्ञानकादंबरीत आहे. मग इतिहासात त्याचं काय काम, असं कुणी विचारील. आमचं म्हणणं एवढंच, की कल्पनेतलं शहरसुद्धा कुणीतरी, कुठल्यातरी साली, कुठेतरी बसून लिहिलेलं असतं. त्या सालाच्या खुणा त्यात राहतातच.

कादंबरी आहे आयझॅक असिमॉव्ह यांची 'द केव्ह्ज ऑफ स्टील', म्हणजे पोलादी गुहा. १९५३ साली ती 'गॅलक्सी' मासिकात क्रमशः आली आणि १९५४ मध्ये तिचं पुस्तक झालं. काळ साधारण ३ हजार वर्षं पुढचा. पृथ्वीवर सुमारे ८०० शहरं, प्रत्येकात सरासरी १ कोटी माणसं, म्हणजे एकूण ८ अब्ज. १९५० च्या सुमारास जगाची खरी लोकसंख्या होती अडीच अब्ज. ८ अब्जांचा टप्पा आपण २०२२ मध्येच गाठला. ३ हजार वर्षं काही लागली नाहीत, सत्तरएक वर्षांत काम झालं.

यातलं प्रत्येक शहर एका छताखाली आहे. ऊन नाही, पाऊस नाही, रात्र नाही. हवा यंत्रं खेळवतात. अन्न बहुतेक यीस्टपासून बनवलेलं. ये-जा करायला सरकत्या पट्ट्या. कडेची पट्टी संथ, पुढची थोडी वेगवान, असं एकेक पट्टी ओलांडत माणूस मुख्य वेगवान मार्गावर पोचतो. ही कल्पना काही असिमॉव्ह यांची नव्हे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात दोन वेगांचे सरकते पदपथ लोकांनी प्रत्यक्ष वापरले होते, आणि त्याआधी १८९९ मध्ये एच. जी. वेल्स यांनी 'व्हेन द स्लीपर वेक्स'मध्ये असे रस्ते भविष्यातल्या लंडनला दिले होते. असिमॉव्ह यांनी त्यात एक भर घातली. बसायला जागा कुणाला मिळणार, हे त्यांनी ठरवून टाकलं.

इथे आपल्याला थोडं थांबायला हवं, कारण या शहराची खरी रचना पोलादात नाही, दर्जात आहे. नायक लाइज बेली हा साध्या वेशातला पोलीस. त्याचा दर्जा सी-५. या दर्जामुळे त्याला काय मिळतं बघा. गर्दीची वेळ सोडून वेगवान मार्गावर बसायला जागा. आणि घरात एक चालू असलेलं वॉशबेसिन. बस्स, एवढंच. घरात संडास नाही, न्हाणी नाही. त्यासाठी सार्वजनिक ठिकाणी जायचं, ज्याला तिथे 'पर्सनल' म्हणतात. जेवायलाही विभागाच्या सामायिक भोजनगृहात जायचं, आणि तिथेही बसायची जागा नेमून दिलेली.

आता आपल्यापैकी ज्यांचं बालपण चाळीत गेलं, त्यांना सामायिक संडास आणि बादली घेऊन लावलेली रांग वेगळी सांगायला नको. पण एक फरक पाहा. चाळीतल्या रांगेत गप्पा होतात, भांडणं होतात. असिमॉव्ह यांच्या शहरात पुरुषांच्या पर्सनलमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही, दुसऱ्याकडे बघतसुद्धा नाही. बायकांच्या बाजूला मात्र गप्पा चालतात. भिंत बांधायला जागा नाही म्हणून पुरुषांनी नजरेचीच भिंत केली आहे. स्थापत्याचा हा भाग कुठल्या नकाशात सापडत नाही, तो रीतीभातींत शोधावा लागतो.

हे सगळं आलं कुठून? युद्धकाळाची आठवण वाचकांच्या मनात ताजी होती. अमेरिकेत १९४२ साली साखर रेशनवर आली आणि ती १९४७ पर्यंत सुटली नाही. किती मिळेल, कधी मिळेल हे एक कार्ड ठरवतं, हा अनुभव घराघरात होता. सामायिक भोजनगृहंही नुसती कल्पना नव्हती. मॉस्कोत १९३० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या नार्कोमफिन या इमारतीत रहिवाशांसाठी एकत्र जेवणाची सोय योजलेली होती. आणि तिसरी गोष्ट स्वतः लेखकाची. रशियात जन्मलेले असिमॉव्ह १९२३ मध्ये, अगदी लहानपणी, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आले. वडिलांचं गोळ्या-चॉकलेटचं दुकान होतं. त्यांना बंद, छोट्या जागा मनापासून आवडत. भुयारी रेल्वेच्या स्टेशनवर आपला मासिकांचा स्टॉल असावा, त्यात स्वतःला कोंडून घ्यावं आणि गाड्यांचा आवाज ऐकत वाचत बसावं, हे त्यांचं बालपणीचं स्वप्न होतं.

आता काळाकडे पाहा. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळच लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन उभं राहत होतं. एकसारखी घरं, प्रत्येकापुढे हिरवळ, मोटार. मध्यमवर्ग शहराबाहेर पडत होता. नेमक्या त्याच वेळी असिमॉव्ह यांनी उलट दिशेचं शहर रंगवलं, जिथून कुणीच बाहेर पडत नाही.

आणखी एक हिशेब आपण करून पाहू. कादंबरीतलं न्यूयॉर्क सुमारे २ हजार चौरस मैलांवर पसरलेलं आहे आणि लोकसंख्या २ कोटींवर. म्हणजे चौरस मैलाला साधारण १० हजार माणसं. खऱ्या न्यूयॉर्कमध्ये १९५० साली सुमारे ७९ लाख माणसं सुमारे ३०० चौरस मैलांत राहत होती. म्हणजे चौरस मैलाला २६ हजार! कोंदटलेलं म्हणून रंगवलेलं भविष्यातलं शहर लेखकाच्या डोळ्यांसमोरच्या शहरापेक्षा विरळ आहे, आणि तेही अनेक मजले खाली-वर असताना. मग वाचताना आपला जीव का गुदमरतो? माणसं जास्त आहेत म्हणून नव्हे. प्रत्येक खुर्ची, प्रत्येक नळ, प्रत्येक घास कुणीतरी मोजून दिलेला आहे आणि तो कधीही काढून घेता येतो, म्हणून.

बेलीला हे लहानपणापासून ठाऊक आहे. त्याचे वडील अणुशास्त्रज्ञ होते, वरच्या दर्जाचे. वीजकेंद्रात अपघात झाला, दोष त्यांच्यावर आला आणि दर्जा गेला. कुटुंब बरॅकमध्ये आलं. आई गेली. वडील दारूत बुडाले आणि बेली आठ वर्षांचा असताना तेही गेले. पुढे अनाथालय. म्हणून बेलीला वॉशबेसिनचं मोल कळतं. त्याच्याच मनात एकदा येतं, की बेसिन नव्हतं तेव्हा पर्सनलपर्यंतची ती फेरी काही जड वाटत नव्हती. पण आता ते बंद केलं, तर तीच फेरी अपमानाची होईल. मिळालेली सोय ही अशी बेडी होते.

आणि आता या शहराची सगळ्यात विलक्षण गोष्ट. त्याला बाहेर जायची दारं आहेत आणि त्यांच्यावर पहारा नाही. कुणीही जाऊ शकतं, पण जात कुणी नाही. कथेतलं खुनाचं कोडं याच्यावरच उभं आहे. शहराबाहेर, परग्रहांवरून आलेल्या लोकांच्या वस्तीत खून होतो, आणि सगळे धरून चालतात की उघड्या आभाळाखालून एकटा चालत जाणं न्यूयॉर्कच्या माणसाला शक्यच नाही. पोलीसप्रमुखाने हौसेने कचेरीच्या भिंतीत खिडकी करून घेतली आहे. तिच्यातून पाऊस दिसतो. पण खिडकीतून पाऊस पाहणं वेगळं आणि पावसात उभं राहणं वेगळं.

पुढच्या कादंबऱ्यांत बेली हळूहळू बाहेर पडायला शिकतो. १९८३ च्या 'द रोबोट्स ऑफ डॉन'च्या सुरुवातीला तो मुलासह मोजक्या माणसांना घेऊन शहराबाहेर, मोकळ्या रानात येतो. घाम येतो, भीती वाटते, तरी येतो. त्यासाठी त्याला भिंत पाडावी लागलेली नाही. दार पहिल्यापासून उघडंच होतं.

इतिहास अभ्यासणाऱ्यांना यातून काय घेता येईल? कुठलंही शहर वाचताना तटबंदी आणि राजवाडे जरूर पाहावेत, पण नळ कुणाच्या घरात आहे आणि गाडीत बसायला जागा कुणाला मिळते, हेही विचारावं. आणि शेवटी हे विचारावं, की तो नळ बंद होईल या धास्तीने त्या माणसाने काय काय करायचं सोडून दिलं. आज इथेच थांबू.