छायाचित्रांतील खरखरीची कथा

इ. स. १८३८ मध्यें लुई दागेर यानें पॅरिस शहरांतील बूलव्हार द्यू तांप्ल या हमरस्त्याचें छायाचित्र घेतलें. रस्ता रहदारीचा, चित्रांत मात्र तो ओसाड दिसतो. चांदीचा मुलामा दिलेल्या त्या पत्र्याला कित्येक मिनिटें प्रकाश द्यावा लागे, त्यामुळें धांवत्या गाड्यांचा मागमूसहि उमटला नाहीं. बूट पुसून घेण्यासाठीं एका जागीं थांबलेला एक गृहस्थ तेवढा सांपडला!

चालतें-बोलतें जग टिपावयाचें तर अधिक प्रकाशग्राही साधन हवें होतें. १८७१ मध्यें रिचर्ड मॅडॉक्स यानें जिलेटिनच्या कोरड्या कांचेची रीत सुचविली, आणि थोड्याच वर्षांत तें काम सेकंदाच्या अंशांत होऊं लागलें. परंतु हा लाभ फुकटचा नव्हता. अधिक प्रकाश पकडावयाचा तर चांदीच्या क्षारांचे स्फटिक मोठे करावे लागत, आणि मोठे स्फटिक म्हणजे चित्रांत खरबरीत दाणा. या संवेदनक्षमतेचीं मापें जर्मनीनें १९३४ मध्यें व अमेरिकेनें १९४३ मध्यें ठरविलीं. १९७४ मध्यें तीं एकत्र येऊन ‘आयएसओ’ हें माप झालें.

१९७५ मध्यें कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन यानें हातीं धरण्याजोगा डिजिटल कॅमेरा बनविला. पुढें फिल्म मागें पडली, आंकडे मात्र राहिले. आणि त्यांच्याबरोबर एक गैरसमजहि राहिला. आंकडा १०० वरून ६४०० वर नेला म्हणून सेन्सर अधिक प्रकाशग्राही होत नाहीं. वाढविला जातो तो त्याच्याकडून येणारा क्षीण विद्युत्संकेत. दूरच्या रेडिओ-केंद्राचा आवाज मोठा केला कीं खरखरहि मोठी होते, तशांतलाच हा प्रकार.

ही खरखर सर्वस्वीं यंत्राची नव्हे. प्रकाश कणाकणानें येतो आणि पावसाच्या थेंबांप्रमाणें कोठें कमी, कोठें अधिक पडतो. एका बिंदूवर सरासरी १०,००० प्रकाशकण पडले तर चढउतार सुमारें १०० चा, म्हणजे शेंकडा १. शंभरच पडले तर १० चा, म्हणजे शेंकडा १०! ६४०० चा आंकडा योजणारा १०० च्या मानानें एकचौसष्टांश प्रकाशावर भागवीत असतो. म्हणून त्याच्या चित्रांतील चढउताराचें प्रमाण आठपट होतें.

२००७ मध्यें आलेल्या निकॉनच्या ‘डी ३’ नें ६४०० वरहि छापण्याजोगीं चित्रें दिलीं, त्यांत ३६ × २४ मिलिमीटरच्या मोठ्या सेन्सरचा वांटा मोठा होता. रुंद तोंडाच्या भांड्यांत तेवढ्याच सरीचें पाणी अधिक सांचतें. मोबाइलमधील चिमुकले सेन्सर आपली उणीव गणितानें झांकतात. परंतु खरखर पुसतांना तें गणित केंसांची बट आणि लुगड्याची वीण यांनाहि पुष्कळदां खरखरच समजतें, आणि माणसाचा चेहरा मेणाचा होऊन बसतो.